जीव वाचला, पुढे काय?

मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय क्रिकेट संघाचा बार्बाडोसशी सामना चालू असताना चार्ली ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजाचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली आणि सहा दिवस ते शुद्धीवर आले नाहीत. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर हे सहकारीही होते. वॉरेल यांच्या या कृतीचे स्मरण म्हणून कोलकात्यात १९८१ पासून दरवर्षी ३ फेब्रुवारीला रक्तदान केले जाते. कॉन्ट्रॅक्टर बरे झाले आणि पुन्हा प्रथम श्रेणीचे सामने खेळले. मात्र वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ३१ कसोटी सामने गाठीशी असलेल्या या फलंदाजाला कसोटी संघात पुन्हा स्थान मिळाले नाही.

या प्रसंगाचा पहिला भाग आपण सारेच अभिमानाने सांगतो. संकटाच्या घटकेला माणूस माणसासाठी धावतो, ही गोष्ट आपल्या समाजाविषयीही खरी आहे. रस्त्यावर अपघात झाला तर रिक्षावाला भाडे न घेता जखमीला रुग्णालयात पोचवतो, गल्लीतील तरुण मंडळाची मुले रात्री दोन वाजता रक्तपेढीपुढे उभी राहतात, कार्यालयात वर्गणी जमते. परंतु रुग्ण घरी आल्यावर, म्हणजे खरी लढाई सुरू होण्याच्या वेळी, ही गर्दी पांगते. भेटायला येणारे पहिल्या महिन्यात येतात, तिसऱ्या महिन्यात फोन करतात आणि वर्ष उलटले की ‘आता बरा आहे ना?’ एवढाच प्रश्न उरतो. रक्त देण्यास तत्पर असलेला समाज वेळ देण्यास इतका कुचराई का करतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थकारणाचा आहे, असे त्याचे मत आहे.

प्रश्नाचा आवाका

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयोगटातील होते. हे आकडे वर्तमानपत्रांत दरवर्षी येतात आणि आपण दरवर्षी हळहळतो. परंतु त्याच अहवालात जखमींचा आकडा ४,४३,३६६ आहे, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या जखमींत किती जणांच्या मेंदूला इजा झाली याचा वेगळा रकाना त्या अहवालात नाही. हात मोडलेला माणूस आणि स्मृती गमावलेला माणूस हे दोघे तेथे एकाच बेरजेत बसतात. ज्याची मोजणी होत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा जुना अनुभव आहे.

शिवाय मेंदूची इजा केवळ रस्त्यावरच होते असे नाही. बांधकामाच्या परातीवरून पडणारा मजूर, नारळाच्या झाडावरून कोसळणारा पाडेली, न्हाणीघरात पाय घसरून पडणारी आजी आणि गच्चीवरून पडलेले मूल हे सारे याच वर्गात मोडतात. वृद्धांच्या बाबतीत तर मार किरकोळ वाटतो आणि कवटीच्या आत सावकाश साकळलेले रक्त काही आठवड्यांनी आपला प्रताप दाखवते. तोवर घरचे लोक ‘वयोमानाने विसरायला लागली’ असे म्हणून मोकळे झालेले असतात.

या इजेचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. मेंदू हा कवटीच्या कठीण पेटीत ठेवलेला अत्यंत मऊ अवयव आहे. डोके वेगाने आपटते तेव्हा आतला मेंदू कवटीवर आदळतो, पिळला जातो आणि त्यातील सूक्ष्म मज्जातंतू ताणले वा तुटले जातात. ही दुसऱ्या प्रकारची हानी सी. टी. स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. पहिल्या आघातानंतर प्राणवायूचा तुटवडा, रक्तदाब घसरणे आणि सूज यांमुळे हानी वाढत जाते. म्हणूनच पहिल्या काही तासांना एवढे महत्त्व आहे. रुग्णाची शुद्ध किती हरपली आहे हे मोजण्यासाठी ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघा तज्ज्ञांनी १९७४ मध्ये एक मोजपट्टी तयार केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींवरून तीन ते पंधरा असे गुण देणारी ही पट्टी आज जगभर वापरली जाते. परंतु पंधरापैकी पंधरा गुण मिळवून घरी गेलेला माणूस पूर्वीसारखा झाला काय, हे ती पट्टी सांगू शकत नाही.

न दिसणारी जखम

पूर्वीसारखे न होणे म्हणजे काय, याचे वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फिनिअस गेज याचे आहे. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा हा मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना अकाली स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवून ठेवले की कर्तबगार आणि समतोल वृत्तीचा हा माणूस चंचल, उर्मट आणि हट्टी झाला होता. त्याच्या मालकांनी त्याला पूर्वीच्या कामावर परत घेतले नाही. पाठ्यपुस्तकांतील गोष्ट बहुधा येथेच संपते.

वस्तुतः ती येथे संपत नाही. १८५२ च्या सुमारास गेज दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे काही वर्षे त्याने घोड्यांची प्रवासी गाडी हाकण्याचे काम केले. अनेक घोड्यांचे लगाम सांभाळणे, ठरल्या वेळी गाडी सोडणे आणि परक्या भाषेतील उतारूंशी व्यवहार करणे हे काम बिघडलेल्या डोक्याच्या माणसाचे नव्हे. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाने या कालखंडाकडे लक्ष वेधले आणि असे प्रतिपादन केले की रोजच्या ठरीव, शिस्तबद्ध कामानेच गेजला पुष्कळ अंशी सावरले असावे. १८६० मध्ये अपस्माराच्या झटक्यांनंतर त्याचा मृत्यू झाला. मालकाने नाकारलेल्या माणसाला दुसऱ्या कोणी त्याच्या आवाक्यातले नियमित काम दिले, एवढ्या एका गोष्टीने केवढा फरक पडतो, हा या चरित्राचा उत्तरार्ध आहे. तो आपण वाचत नाही.

मेंदूच्या इजेनंतर जे उरते ते बव्हंशी डोळ्यांना दिसत नाही. नुकतीच घडलेली गोष्ट लक्षात राहत नाही. एका वेळी दोन कामे सुधरत नाहीत. थोड्या श्रमाने असा थकवा येतो की तो झोपेनेही जात नाही. गोंगाट आणि प्रखर प्रकाश सोसवत नाही. राग अनावर होतो, किंवा याच्या उलट, कशाचीच इच्छा उरत नाही. काहींना शब्द आठवत नाहीत. सर्वांत अवघड भाग असा की आपल्यात काही उणे आले आहे याची जाणीव खुद्द रुग्णालाच पुष्कळदा नसते. पाय गमावलेल्या माणसाला कुबडी मागावी लागत नाही, लोक स्वतःहून वाट देतात. मेंदू दुखावलेला माणूस मात्र धडधाकट दिसतो आणि म्हणून आळशी, तिरसट किंवा ढोंगी ठरतो.

हे मी तटस्थपणे लिहीत असलो तरी या बाबतीत मीही निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात एक चुणचुणीत विद्यार्थी होता. मोटारसायकलच्या अपघातानंतर चार महिन्यांनी तो वर्गात परतला. डोक्यावर केस आले होते, व्रण झाकला गेला होता, आणि आम्ही सर्वांनी तो बरा झाला असे गृहीत धरले. एके दिवशी मी त्याला मागणीच्या लवचिकतेविषयी साधा प्रश्न विचारला. तो बराच वेळ उभा राहिला आणि नंतर त्याआधी दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागला. मी काहीतरी खोचक बोललो, वर्ग हसला. चाचणी परीक्षेत त्याने पहिल्याच प्रश्नाचे उत्तर तीनदा लिहिले होते आणि बाकीची पाने कोरी होती. मी लाल शाईने ‘अक्षम्य निष्काळजीपणा’ असा शेरा मारला.

दोन दिवसांनी त्याचे वडील अध्यापक-कक्षात आले. हातात रुग्णालयाची जाडजूड फाइल होती. ते भांडले नाहीत. “सर, पोरगं आळशी नाही हो. पहिला प्रश्न लिहून झालाय हेच त्याला आठवत नव्हतं,” एवढेच म्हणाले. मी दिलगिरी व्यक्त केली. पण त्यापुढे काय करायचे हे मलाही ठाऊक नव्हते आणि त्यांनाही नव्हते. त्या सत्राअखेरीस मुलाने येणे थांबवले. उपस्थिती भरली नाही म्हणून नियमाप्रमाणे त्याचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. ते माझ्याच हाताने झाले. त्या मुलाचा जीव शल्यविशारदांनी वाचवला होता. त्याचे शिक्षण मात्र आम्ही, सुशिक्षित माणसांनी, अज्ञानापोटी घालवले.

धरण बांधले, कालवे राहिले

आता याचे अर्थकारण पाहू. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जीव वाचवण्याच्या बाजूने राज्य आणि केंद्र सरकारांनी बरेच काही केले, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलिसी ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसे संरक्षण आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयातील शस्त्रक्रियांचा खर्च मिळतो. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तीत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.

या योजना स्वागतार्ह आहेत. परंतु सात दिवस हा आकडा वाचताना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला थबकावे लागते. मेंदूच्या गंभीर इजेचा रुग्ण सातव्या दिवशी कदाचित अतिदक्षता विभागातच असतो. त्याच्या सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावला तरी कित्येक वर्षे थांबत नाही. दुखावलेल्या भागाचे काम मेंदूचे इतर भाग हळूहळू शिकून घेऊ शकतात. मात्र त्यासाठी रोजचा सराव, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी आणि धीर देणारी माणसे लागतात. नेमक्या याच काळासाठी सार्वजनिक खर्चाचा ओघ आटतो. आपल्या राज्याला समजेल अशा भाषेत सांगायचे तर आपण कोट्यवधी रुपये खर्चून धरण बांधतो आणि कालवे खोदायचे विसरतो. पाणी अडवले जाते, पण शेतापर्यंत पोचत नाही. आणि मग शेतकऱ्यालाच नाकर्ता म्हटले जाते.

कालव्यांचे काम न झाल्याने ते पाणी कोण वाहून नेते? घरातली स्त्री. रुग्ण पती असो, मुलगा असो वा सासरा असो, नोकरी सोडणारी बहुधा तीच असते. औषधांच्या वेळा, स्नान, जेवण, व्यायाम, रात्रीची जाग आणि रुग्णाच्या रागाचा मार, हे सारे तिच्या वाट्याला येते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमाची नोंद शून्य आहे. तिने नोकरी सोडली तेव्हा राष्ट्रीय उत्पन्न घटले, तिने चोवीस तास शुश्रूषा केली तेव्हा ते वाढले नाही. या श्रमाचे मोल न्यायालयाने मात्र ओळखले आहे. २००७ मधील अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ६२ लाख २७ हजार रुपयांची भरपाई ठरवली आणि त्यात दोन मदतनिसांचा आयुष्यभराचा खर्च हिशेबात धरला. दोन माणसांचे पूर्ण वेळाचे काम आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केलेले काम आपल्या घराघरांत एकटी बाई बिनबोभाट करीत असते. शिवाय हा निवाडा होईपर्यंत बारा वर्षे उलटली होती, हेही ध्यानात ठेवावे. ज्या काळात मदत सर्वाधिक उपयोगी पडली असती तो काळ केव्हाच सरला होता.

कायदा आहे, वाट नाही

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा हा आपल्या देशातील एक प्रगत कायदा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. पार्किन्सन, सिकल सेल, बहुविध स्क्लेरोसिस यांची नावे त्यात आहेत. आघातजन्य मेंदू-इजा हा स्वतंत्र प्रकार मात्र नाही. अर्थात त्यामुळे असा रुग्ण कायद्याबाहेर राहतो असे नव्हे. त्याचा हात लुळा पडला असेल तर चलनविषयक, वाचा गेली असेल तर वाचाविषयक दिव्यांगत्व म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळू शकते. अडचण त्या माणसाची आहे, ज्याचे हातपाय आणि जीभ शाबूत आहेत परंतु स्मृती, लक्ष आणि निर्णयशक्ती कमी झाली आहे. आपल्या कहाणीचे तुकडे वेगवेगळ्या चौकटींत बसवत त्याला खिडक्या हिंडाव्या लागतात, आणि खिडक्या हिंडण्याची क्षमताच त्याच्यापाशी उरलेली नसते. अमेरिकेने १९९० मध्येच आपल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात मेंदू-इजा हा वेगळा प्रकार घातला. आपल्याकडेही तो घालण्यात धोरणाची मोठी अडचण असेल असे वाटत नाही.

बेशुद्धावस्थेत दीर्घकाळ पडून असलेल्या रुग्णाची स्थिती आणखी बिकट आहे. त्याच्या बँक खात्यातून उपचारांसाठी पैसे काढायचे तर पत्नीला अधिकार नाही आणि अशा रुग्णाच्या पालकत्वाची सोपी कायदेशीर वाटही नाही. कुटुंबांना त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली ती कायदा मूक असल्यामुळेच. जिल्हा पातळीवर ही सोय झाली तर अनेक संसार वाचतील.

मात्र कायद्यातील एक तरतूद आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या थेट उपयोगाची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. २०१६ च्या कायद्याच्या विसाव्या कलमानुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही की त्याची पदावनती करू शकत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तेही उपलब्ध नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत वा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही या व्याख्येत येतात. म्हणजे अनुदानित शाळेतील शिक्षक आणि महाविद्यालयातील लिपिक यांनाही हे संरक्षण आहे. तरीही आजारपणाच्या रजा संपल्या की ‘स्वेच्छेने’ राजीनामा लिहून देणारी कुटुंबे आपल्या आसपास दिसतात, ती केवळ माहितीच्या अभावी.

समाजाने काय करावे?

ब्रिटनमध्ये १९७९ साली काही रुग्णांच्या नातलगांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन हेडवे ही संस्था काढली. अमेरिकेत १९८० मध्ये मुलीच्या अपघातानंतर एका आईने पुढाकार घेऊन राष्ट्रीय पातळीवरील संस्था उभी केली. भारतात जोधपूरचे गजसिंह यांनी, त्यांचे पुत्र पोलो खेळताना जबर जखमी झाल्यानंतर, २००७ मध्ये इंडियन हेड इन्जुरी फाउंडेशनची स्थापना केली. तिन्हींचा उगम घरातल्या दुःखात आहे, यात आश्चर्य नाही. परंतु जोधपूरच्या राजघराण्याला जे शक्य झाले ते परभणीच्या शेतमजुराला कसे शक्य व्हावे? मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे. पण परभणीहून हाजी अलीला आठवड्यातून तीनदा कोणी येऊ शकत नाही.

याचे उत्तर मोठ्या रुग्णालयांत नसून शेजारात आहे. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाची कल्पना पुढे आणली, तिचा गाभा हाच होता. केरळने दुर्धर आजारांच्या बाबतीत ती करून दाखवली. कोझिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेचे काम पुढे गावोगावच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांनी उचलले आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्याचे धोरणच केले. महाराष्ट्रालाही हे परके नाही. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हे पुण्यातील मुक्तांगणने १९८६ पासून मराठी समाजाला शिकवले आणि त्यात बरे झालेल्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनीच एकमेकांना हात दिला. तेच येथे व्हावयास हवे.

हे काम किती साधे असू शकते याचे एक उदाहरण देतो. आमच्याच कार्यालयातील एक वरिष्ठ लिपिक पावसाळ्यात स्कूटर घसरून डोक्यावर पडले. पगारपत्रके बिनचूक करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. आठ महिन्यांनी ते परतले तेव्हा साधी बेरीज करतानाही अडखळत होते. आधीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत जे हातून निसटले त्याची बोच मनात होती. कार्यालय-अधीक्षकही समजूतदार होते. त्यांना आवक-जावक नोंदवहीचे काम देण्यात आले. प्रवेशाच्या दिवसांतील खिडकीवरच्या गर्दीपासून त्यांना दूर ठेवले. एका वेळी एकच काम, तेही तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यायचे, असे ठरले. त्यांच्या खिशात एक लहान वही असे. झालेल्या कामापुढे ते खूण करीत. अवघड काम सकाळी, दुपारच्या डब्यानंतर अर्धा तास अभिलेख-कक्षात विश्रांती. एक सहकारी त्यांचे आकडे गाजावाजा न करता तपासून पाही. दुसऱ्या वर्षाअखेर ते पगारपत्रकाचे निम्मे काम पुन्हा करू लागले. या सर्वाला संस्थेचा खर्च झाला तो एका वहीचा.

परंतु अधीक्षक निवृत्त झाले आणि नव्या साहेबांना ही व्यवस्था म्हणजे लाड वाटले. कारण ती कोठेही लिहिलेली नव्हती. ती माणसांच्या चांगुलपणावर उभी होती. चांगुलपणा बदलीपात्र असतो, नियम नसतो. म्हणून दया आणि सौजन्य यांच्या पलीकडे जाऊन काही गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मेंदू-इजेच्या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस पाठपुराव्याचा असावा आणि रुग्णाला घरी पाठवताना पुढे काय होऊ शकते याचे मराठीतील साधे पत्रक नातलगांच्या हाती द्यावे. गावातील आशा सेविकांना या लक्षणांचे प्रशिक्षण मिळावे. विद्यापीठांनी अपघातानंतर परतणाऱ्या विद्यार्थ्याला उपस्थितीत सूट, कमी विषय घेऊन परीक्षा देण्याची मुभा आणि उत्तरपत्रिकेसाठी अधिक वेळ द्यावा. कार्यालयांनी टप्प्याटप्प्याने, प्रथम काही तासांसाठी, कामावर परतण्याची सोय करावी.

यावर एक आक्षेप नेहमीचा आहे. गरीब देशाला हे परवडते काय? २०१६ च्या कायद्यातही पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकताना ती आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पुस्ती जोडलेली आहे. आक्षेप गंभीर आहे, पण तो उलट्या बाजूने तपासावा. एका तरुणाच्या शस्त्रक्रियेवर आणि अतिदक्षतेवर लाखो रुपये खर्च झाल्यानंतर पुढील थोडा खर्च टाळल्याने तो आयुष्यभर घरी बसणार असेल आणि त्याच्यामुळे दुसरे एक माणूसही घरी अडकणार असेल, तर ही काटकसर नव्हे. आधी केलेला खर्च बुडवणे आहे. जो खर्च सर्वांत स्वस्त तो तर आपण करायलाच तयार नसतो. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांचे सहप्रवासी अपघातांत मरण पावले. असे असूनही पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलने होतात, हे आपल्या सार्वजनिक विवेकाचे भूषण नव्हे. हेल्मेटने मान अवघडते, घाम येतो, हे खरे. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हातून घास भरवून घेणे त्याहून अवघड असते.

अखेर प्रश्न सवयीचा आहे. रक्तदान ही गोष्टही एके काळी आपल्या समाजाला परकी होती. लोक सुईला आणि अशक्तपणाला भीत. शिबिरे भरली, वडीलधारे पुढे झाले आणि ती भीती गेली. तशीच वेळ देण्याची सवय लावून घेता येईल. शनिवारी दुपारी दोन तास रुग्णापाशी बसले तर त्याच्या पत्नीला बँकेत, बाजारात किंवा नुसते माहेरी जाऊन येता येते. त्याच्याबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडावा, वर्तमानपत्र वाचून दाखवावे, तोच प्रश्न त्याने चौथ्यांदा विचारला तर चौथ्यांदा उत्तर द्यावे. त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही.

तो विद्यार्थी गेल्या वर्षी मला बसस्थानकावर भेटला. त्याने मला ओळखले, माझे नाव मात्र त्याला आठवले नाही. “सर, तुम्ही काय शिकवायचे?” असे त्याने विचारले. मी सांगितले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले. या वेळी मी पुन्हा सांगितले.